शिबिरातली बाटली आणि पेशींच्या पुड्या

डॉक्टरबाईंना विचारा

प्रश्न : डॉक्टरबाई, सादर नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी. माय ६४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. सकाळी पलंगाची कड धरल्याशिवाय उठता येत नाही. मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात गुडघ्यांचं मोफत शिबिर होतं. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकची माणसं आली होती. एक्स-रे बघून म्हणाले, ऑपरेशन नको, 'एक्झोसोम'चं इंजेक्शन देऊ, कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) पुन्हा उगवते. एका गुडघ्याचे ६० हजार, दोन्हीचे १ लाख १० हजार, शिबिरातच नाव नोंदवलं तर ५ हजार कमी. भाव नाही म्हणून माझं सोयाबीन घरातच पडून आहे. ते बाजारात घालून टाकू का? बाटलीचा फोटो सोबत पाठवतोय. धाकटा भाऊ म्हणतो, एक्झोसोम असलं काही नसतंच, सगळी बनवाबनवी आहे. खरं काय?

उत्तर : भाऊ, आधी सोयाबीनचं सांगते. या कामासाठी घालू नका. आणि धाकट्याला सांगा, तो अर्धाच बरोबर आहे. एक्झोसोम असतात. तुमच्या अंगात आहेत, मायच्या अंगात आहेत, हे वाचताना तोंडात येणाऱ्या लाळेतसुद्धा आहेत.

पाठ्यपुस्तकात यांना 'पेशीबाह्य पुटिका' म्हणतात. पेपरात लिहायला शब्द बरा आहे, पण माझ्या लॅबमधल्या पोराला मी हे समजावत होते तेव्हा तो पटकन म्हणाला, "म्हणजे पुडी की मॅडम!" त्या दिवसापासून मीही पुडीच म्हणते. लहानपणी किराणा दुकानात जिरे-मोहरी मिळायची ना, जुन्या वहीच्या कागदात बांधून, वरून दोऱ्याचे दोन वेढे, तशी. पेशी स्वतःच्याच आवरणाचा तुकडा कागद म्हणून घेते, आत थोडी प्रथिनं, थोडा आरएनए (कोणतं प्रथिन बनवायचं याची चिठ्ठी) भरते आणि पुडी बाहेर सोडून देते. पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडतात त्या बारीक पुड्या म्हणजे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर). काही पेशीच्या पृष्ठभागावरूनच सुटतात, त्या १००० नॅनोमीटरपर्यंत मोठ्या असू शकतात. मरणाऱ्या पेशींचे तुकडे आणखी मोठे. एकदा बाहेर पडल्यावर कोणती पुडी कुठून आली हे सांगणं अवघड, म्हणून या विषयातली जाणती माणसं सरसकट 'एक्झोसोम' म्हणायचं टाळतात. शिबिरवाले टाळत नाहीत, कारण शब्द कानाला भारी लागतो.

मी अंबाजोगाईला शिकले आणि परभणीत लॅब चालवली. चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि यातली एकही पुडी पाहिली नाही. दिसणारच नव्हती. तांबडी पेशी साडेसात हजार नॅनोमीटरची, आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची धाव २०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. गंमत म्हणजे या पुड्यांचा सगळ्यात गाजलेला शोध ज्या पेशीत लागला, ती मी रोज बघत होते. रक्त कमी असलेल्या बायकांची 'रेटिक काउंट' तपासणी असते. रक्ताचे दोन थेंब आणि निळा रंग एकत्र करून थोडा वेळ ठेवायचं, मग स्लाइड काढायची. कोवळ्या तांबड्या पेशींत निळं जाळं उमटतं. त्या मोजायच्या. या कोवळ्या पेशीला लोह आत ओढायला भरपूर दारं लागतात. पेशी जून झाली की दारांचं काम संपतं. मग ती काय करते? दारं काढून बारीक पुड्यांत बांधते आणि बाहेर टाकते. १९८३ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोज जॉनस्टन यांनी हे मेंढीच्या रक्तात दाखवलं, अमेरिकेत सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटानं उंदरांच्या रक्तात. जॉनस्टनबाईंनी १९८७ साली यांना एक्झोसोम म्हटलं. त्यानंतर वीसेक वर्षं बहुतेकांचा समज हाच की हा पेशीचा केरकचरा. त्याआधी १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तातल्या प्लेटलेटमधून सुटणाऱ्या असल्याच कणांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं. धूळ म्हटल्यावर कोण ढुंकून बघणार?

वारं फिरलं २००७ साली. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये यान लोटवाल यांच्या गटानं उंदराच्या पेशींतल्या पुड्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशीत उंदराची प्रथिनं तयार झाली. म्हणजे पुडीत निरोप होता, आणि तो दुसऱ्या पेशीनं वाचला. तिथून पुढे या विषयाला पूर आला. मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी बनू शकतात त्या, टोचल्यावर जो फायदा प्राण्यांत दिसत होता, त्यातला बराचसा त्या पेशी जगल्यामुळे नव्हे तर त्यांनी सोडलेल्या पुड्यांमुळे होतो, असं पुढे येऊ लागलं. २०१० साली सिंगापूरच्या गटानं अशा पुड्या देऊन उंदरांच्या हृदयाची इजा कमी करून दाखवली.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण, तर जर्मनीतलं ऐका. एसेन शहरात एका रुग्णाला बोनमॅरो बदलल्यानंतर दुसऱ्याच्या पेशी त्याच्याच अंगावर उलटल्या होत्या. औषधं लागू पडेनात. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मूळपेशींच्या पुड्या थोड्या-थोड्या वाढवत दिल्या आणि त्रास उतरला. २०१४ साली त्यांनी हे छापलं, आणि 'एक रुग्ण' असंच छापलं. एका रुग्णाच्या अनुभवावर त्यांनी मंगल कार्यालय बुक केलं नाही.

आता तुमच्या फोटोतली बाटली. मी भिंग घेऊन वाचली. समोर मोठ्या अक्षरात '५ अब्ज एक्झोसोम'. आकडा ऐकून माणूस दबतो. पण आपल्या रक्तातल्या एका मिलिलीटर पाण्यात असे कण अब्जावधी असतात, असा साधारण अंदाज आहे. शिवाय मोजतात कसे? लेझरच्या उजेडात जो ठिपका हलतो तो मोजतात. त्यात पुडी येते, चरबीचा कण येतो, प्रथिनाची गुठळीही येते. यंत्राला सगळे ठिपके सारखेच. पुड्या वेगळ्या काढणं हेच मुळात जिकिरीचं. लघवीचा गाळ बसवायला आमचं छोटं सेंट्रिफ्यूज मशीन गुरुत्वाच्या चारेकशे पट जोरानं फिरायचं, मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पुड्या खाली बसवायला एक लाख पट जोर लागतो, तोही तासभर, आणि तरी सोबत भेसळ येतेच.

बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. एक, 'फक्त बाह्य वापरासाठी'. म्हणजे कातडीवर लावायचा माल. तो तुमच्या मायच्या सांध्यात सुईनं जाणार होता. दुसरी, '२ ते ८ अंश तापमानात ठेवा'. तुम्ही लिहिलंय की बाटल्या थर्माकोलच्या डब्यात होत्या आणि दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. पुड्या कोणाच्या पेशींतल्या, त्या माणसाची कावीळ-एचआयव्हीची तपासणी झाली का, औषधाचा परवाना क्रमांक काय, यातलं एकही अक्षर लेबलवर नाही.

सांध्यात सुई जाणं ही लहान गोष्ट समजू नका. कुठेतरी कसलंतरी इंजेक्शन घेतलेल्या एका आजोबांच्या गुडघ्यातलं पाणी माझ्याकडे तपासणीला आलं होतं. ते फिकट पिवळं, आरपार दिसेल असं असायला हवं. ट्यूबमध्ये तुरीचं घट्ट वरण असावं तसं होतं. स्लाइडवर पू आणि जंतू. गुडघा उघडून धुवावा लागला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात एक्झोसोमच्या नावानं विकलेल्या मालामुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला, म्हणून तिथल्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं. आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार मूळपेशी आणि त्यांपासून बनवलेल्या गोष्टी औषधात मोडतात. रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी-प्रत्यारोपण आणि सरकारची रीतसर मंजुरी मिळालेली औषधं सोडली, तर बाकी वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो.

"पण गावातल्या काकूंना फरक पडला" असं कोणीतरी सांगेलच. पडला असेल. गुडघ्यात नुसतं सलाइनचं पाणी टोचलं तरी अनेकांचं दुखणं काही महिने कमी होतं, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. उंदरांच्या गुडघ्यांत या पुड्यांनी कूर्चा सुधारल्याचे प्रयोग आहेत आणि माणसांतल्या चाचण्याही सुरू आहेत. उद्या कदाचित यातून काही चांगलं निघेलही, मला तशी आशा आहे. पण चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या औषधाचे पैसे घेत नाहीत. म्हणून क्लिनिकला फोन करून एकच विचारा : तुमच्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? ही आपल्या देशातली चाचण्यांची नोंदवही, १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. क्रमांक असेल तर पैसे कशाचे? आणि नसेल तर सुई कशाची?

मायसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त त्याची जाहिरात होत नाही. वजन थोडं उतरवा. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मनात दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा, हे दिवसातून दोनतीनदा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. खाली बसून भाकरी थापणं बंद, गॅस ओट्यावर घ्या. शौचाला खुर्चीचं भांडं आणा. उजवा गुडघा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात धरायची, पुष्कळ जण उलटं करतात. वरून लावायचं मलम वापरा. दुखण्याच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून रोज देऊ नका, किडनीवर ताण येतो. एवढं करूनही रात्रीची झोप उडत असेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हाडांच्या विभागात दाखवा आणि सांधा बदलायचं सरकारी योजनेत बसतं का, ते तिथेच विचारा.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक, अंबड. मोबाइलवर वाचलं की रक्तातल्या एक्झोसोमवरून सगळे कॅन्सर लवकर ओळखता येतात. माझ्या वडिलांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर फार उशिरा कळला होता. अशी तपासणी मी करून घ्यावी का?

उत्तर : गुरुजी, मला विचाराल तर पुड्यांच्या विद्येतली सगळ्यात भरवशाची वाट हीच आहे, टोचण्याची नव्हे तर वाचण्याची. आपल्या गावात पुडीच्या कागदावरून दुकान ओळखू यायचं. शाळेच्या वहीचा कागद असला की अमक्याचं, हिशोबाच्या लाल रेघा असल्या की तमक्याचं. पुडीच्या आवरणावरही ती बांधणाऱ्या पेशीच्या खुणा असतात. कॅन्सरच्या पेशीही पुड्या सोडतात आणि त्या रक्तात, लघवीत येतात. गाठीपर्यंत सुई न नेता गाठीची खबर मिळावी, हा त्यामागचा विचार.

यातलं एक उदाहरण व्यवहारात आलेलं आहे. अमेरिकेत 'एक्सोडीएक्स' नावाची प्रोस्टेटची लघवीची तपासणी आहे. पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रथिन) २ ते १० च्या अधल्यामधल्या पट्ट्यात अडकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या लघवीतल्या पुड्यांमधला तीन जनुकांचा आरएनए त्यात मोजतात. पण ती 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' असं सांगत नाही. बायोप्सीची सुई आत्ता घ्यावी की थांबावं, एवढ्या एका निर्णयाला ती मदत करते. काम मर्यादित ठेवलं म्हणूनच ती चालली, असं माझं मत.

स्वादुपिंडाबद्दल तुमचं दुःख मी समजू शकते, म्हणून ही हकीकत सांगते. २०१५ मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं की पुड्यांवरच्या ग्लायपिकन-१ या प्रथिनावरून स्वादुपिंडाचा कॅन्सर जवळजवळ अचूक ओळखता येतो. जगभर बातमी झाली. नंतर इतर प्रयोगशाळांनी करून पाहिलं, तेव्हा तेवढं लख्ख उत्तर कोणाला मिळालं नाही. कॅन्सरच्या पुड्या मूठभर, आणि त्या तांबड्या पेशी, प्लेटलेट यांच्या अब्जावधी पुड्यांच्या ढिगात मिसळलेल्या. आमच्या लॅबमध्ये रक्त काढताना हात जरा जड पडला, ट्यूब जास्त हलली, की प्लेटलेट आणखी पुड्या सोडतात आणि ढीग वाढतो. तपासणी चुकायला एवढंही पुरतं.

तर मोबाइलवरची 'सगळे कॅन्सर'वाली तपासणी करू नका. निष्कारण काहीतरी 'बॉर्डर' येईल आणि तुम्ही वर्षभर झोपणार नाही. वडिलांचा इतिहास मात्र तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. या वयात साखर एकाएकी वाढली, वजन कारण नसताना उतरलं किंवा डोळे पिवळे झाले, तर थांबू नका.

प्रश्न : लातूर. लग्न ठरलंय. पार्लरमध्ये सुयांच्या रोलरनं 'एक्झोसोम फेशियल' करतात, करू का?

उत्तर : नको गं बाई. कातडीवर लावायचा माल कातडीला भोकं पाडून आत घालणं म्हणजे जिंतूरच्या बाटलीचीच धाकटी बहीण. हळद लावून घे, सुंदर दिसशील.

प्रश्न : मी नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला हाच विषय घेतलाय. मॅडम म्हणाल्या, सगळं 'संशोधन चालू आहे' असंच सांगू नकोस, प्रत्यक्ष वापरात असलेलं एक तरी उदाहरण आण. आहे का?

उत्तर : आहे, आणि ते ऐकून तुझ्या मॅडम खुर्चीत सावरून बसतील. माणसाच्या पेशीत शोधू नकोस, जंतूंकडे बघ. जिवाणूही पुड्या सोडतात. त्यांच्या बाहेरच्या आवरणाचा फुगा सुटून येतो, त्यावर जंतूची सगळी ओळख असते, पण आत वाढायला जंतू नसतो. लस बनवायला यापेक्षा सोयीचं काय?

मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेनिंगोकोकस जंतू असतो. त्याच्या 'बी' गटावर नेहमीच्या पद्धतीनं लस बनेना, कारण त्याच्या बाहेरची साखर आपल्याच शरीरातल्या साखरेसारखी, शरीर तिला परकी मानतच नाही. मग पुड्यांची लस काढली. क्युबानं ती आधी करून दाखवली. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून या जंतूची साथ हटत नव्हती, तेव्हा २००४ पासून त्यांनी तिथल्याच जंतूच्या पुड्यांची लस विशीच्या आतल्या मुलांना दिली, दहा लाखांहून जास्त मुलांना. त्याच पुड्या पुढे 'बेक्सेरो' या लसीत घातल्या, आणि तिला युरोपात २०१३ साली मान्यता मिळाली.

सेमिनारमध्ये पुढचा भाग सावकाश सांग. न्यूझीलंडमध्ये ज्या मुलांनी ती पहिली लस घेतली होती, ती मोठी झाल्यावर त्यांच्यात परम्याचं, म्हणजे गोनोरियाचं प्रमाण कमी दिसलं. २०१७ साली छापलेल्या अभ्यासात हे संरक्षण साधारण ३१ टक्के आलं. गोनोरियाचा जंतू मेनिंगोकोकसचा सख्खा चुलत भाऊ, दोघांच्या पुड्यांवरच्या खुणा जुळतात. गोनोरियावर वेगळी लस अजून नाही आणि त्याला औषधं लागू पडेनाशी झालीत. म्हणून इंग्लंडनं ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्यांना 'बेक्सेरो' ही मेनिंगोकोकसचीच लस गोनोरियासाठी द्यायला सुरुवात केली. एका रोगाची लस दुसऱ्या रोगावर, आणि दुवा कोण, तर जंतूनं टाकलेली पुडी.

माणसाच्या पुड्यांपासून बनवलेल्या एकाही औषधाला अमेरिकेच्या एफडीएनं अजून मान्यता दिलेली नाही, हेही त्याच स्लाइडवर लिही. अडचणी विचारल्या तर दोन पुरेत. एकाच पेशीपासून आज काढलेल्या आणि महिन्यानं काढलेल्या पुड्या सारख्या निघत नाहीत, मग डोस ठरवायचा कसा? आणि शिरेतून दिल्या तर बहुतेक पुड्या लगेच यकृतात आणि प्लीहेत अडकतात, हव्या त्या जागी थोड्याच पोचतात. आणि सेमिनारमध्ये 'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल' म्हण बाई, पुडी म्हणू नकोस. मार्क माझ्या हातात नाहीत.

अंक छापायला जाता जाता जिंतूरच्या भावाचा फोन आला. त्यानं क्लिनिकला सीटीआरआय क्रमांक विचारला. पलीकडून उत्तर आलं, "ते सरकारी दवाखान्याला लागतं, आपल्याला नाही." तासाभरानं त्यांचाच पुन्हा फोन, दोन्ही गुडघे ४० हजारांत करतो म्हणून. मायनं पाय सरळ करायचा व्यायाम सुरू केलाय, खुर्चीचं भांडंही आणलंय. काठी मात्र ती हातात घेईना. म्हणते, "लोकं म्हातारी म्हणतील ना रे."